लॉनमधलं ‘क्लोव्हर’ उपटलं तरी परत येतंय? मग ते क्लोव्हर नसणारच

पावसाळा उतरणीला लागला की आमच्या सोसायटीतल्या तळमजल्यावाल्यांची एकच तक्रार सुरू होते. लॉनमध्ये ‘ते तीन पानांचं क्लोव्हर’ आलंय. उपटलं, पंधरा दिवसांत परत. औषध मारलं, पानं पिवळी पडली, तरी परत. माळ्याने मशीन फिरवून दिलं, चार दिवस बरं दिसलं, आणि मग आधीपेक्षा जास्त आलं.

मी स्वतः तीन पावसाळे यात घालवलेत. पुण्यात साडेतीनशे चौरस फुटांचं लॉन आहे आमचं, एका बाजूला आंब्याची सावली, दुसऱ्या बाजूला दिवसभर ऊन. चौथ्या वर्षी ते आटोक्यात आलं. संपलं असं म्हणणार नाही. पण पूर्वी आख्खे रविवार जायचे, तिथे आता दर दोन आठवड्यांनी वीस मिनिटं जातात. कुठे चुकत होतं ते सविस्तर लिहिते, कारण मी केलेल्या चुका बहुतेक सगळे करतात.

पहिली चूक नावाची. मी मोबाइलवर ‘क्लोव्हर कसं घालवायचं’ असले अमेरिकन व्हिडिओ बघत बसले होते. सासूबाई बाहेर आल्या, वाकून एक देठ तोडला आणि सरळ तोंडात टाकला. “अगं, ही आंबुशी. उपटतेच आहेस तर फेकू नकोस, मला चटणीला दे.” म्हणजे मी तीन वर्षं ज्याच्याशी लढत होते त्याचं नावसुद्धा मला माहीत नव्हतं.

आधी एक पान तोडून नीट बघा

तीन पानं एकत्र दिसली की सगळे क्लोव्हर म्हणतात. आपल्याकडच्या लॉनमध्ये तशी दिसणारी किमान तीन वेगळी झाडं असतात, आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

आंबुशीचं (आंबुटी, आंबोशी; आयुर्वेदात चांगेरी) प्रत्येक पान पत्त्यांतल्या बदामासारखं असतं, टोकाला स्पष्ट खाच. संध्याकाळी तिन्ही पानं छत्री मिटावी तशी खाली मिटतात. फूल पिवळं, पाच पाकळ्यांचं, करंगळीच्या नखाएवढं. आणि मुख्य खूण म्हणजे शेंग: सरळ उभी, पाच धारांची, अगदी बाहुलीच्या भातुकलीतली भेंडी. पान चावलं तर आंबट लागतं, त्यात ऑक्झॅलिक आम्ल असतं. (औषध मारलेल्या लॉनमधलं पान चावून बघू नका, हे सांगायला नको.)

खरं पांढरं क्लोव्हर वेगळं. त्याची पानं लंबगोल, खाच जवळजवळ नाहीच, बहुतेक पानांवर फिकट पांढरी कमान उमटलेली, आणि फूल म्हणजे पांढरा गोंडा. ते थंड हवेचं झाड. काश्मीर-हिमाचलात सहज दिसतं; पुणे-नाशिक-नागपूरच्या लॉनमध्ये ते मला आजवर एकदाही सापडलेलं नाही. माझी न्यू जर्सीतली नणंद ज्याला वैतागलेली असते ते हे. आपल्याकडे क्लोव्हरचा जवळचा नातेवाईक भेटतो तो शेतात: रब्बीत गुरांच्या चाऱ्यासाठी पेरतात ते बरसीम.

दुसरी म्हणजे रानमेथी. पानं जेमतेम मसुराएवढी, जमिनीला चिकटून पसरलेली, इवलं जांभळट फूल आणि पेरापेराची चपटी शेंग. ही शेंगवर्गातली आहे, मुळांवरच्या गाठींतून जमिनीला नत्र देते, मशीनखाली दबून राहते आणि उन्हाळ्यातही हिरवी असते. मी तिला हात लावत नाही. ज्यांना एकाच जातीचं गालिच्यासारखं लॉन हवं त्यांनी काढावी, पण तिच्यावर रविवार घालवण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

तिसरी गुलाबी फुलांची आंबुशी. पानं मोठी, कधी कधी रुपयाच्या नाण्याहून मोठी, आणि जमिनीवर पसरणारी वेल नाही. सगळे देठ एकाच ठिकाणाहून वर येतात. ती उपटली की देठ हातात येतो आणि खाली मातीत बारीक कंद राहतात. हिचं शेवटी बोलू, कारण तिथे बाकीचे सगळे सल्ले उलटे पडतात.

इथून पुढे आंबुशी म्हटलं की पिवळ्या फुलांची.

अमेरिकन सल्ला इथे का चालत नाही

तिकडच्या व्हिडिओत दोन गोष्टी सांगतात. युरिया टाका, क्लोव्हर हटेल. आणि टू-फोर-डी हे तणनाशक मारा. क्लोव्हरच्या बाबतीत दोन्हींमागे तर्क आहे. जमिनीत नत्र कमी असलं की गवत मरगळतं आणि स्वतःचं नत्र स्वतः करणारं क्लोव्हर माजतं; नत्र दिलं की गवत त्याला दाबतं. गंमत म्हणजे दुसऱ्या महायुद्धापर्यंत तिकडे लॉनच्या बियाण्यातच क्लोव्हर मिसळून विकायचे. 1940च्या दशकाच्या मध्यात टू-फोर-डी बाजारात आलं, ते गवत सोडून रुंद पानाचं सगळं मारायचं, त्यात क्लोव्हरही मरायचं, आणि मग हळूहळू क्लोव्हरलाच तण म्हणायला लागले.

आंबुशी शेंगवर्गातली नाही. तिच्या मुळांवर गाठी नसतात, त्यामुळे ‘जमीन नत्रात गरीब आहे म्हणून आंबुशी आली’ हे निदान चुकीचं. आणि टू-फोर-डीला ती पुरती दाद देत नाही. मी मारून बघितलंय. माळीकाकांनी ओळखीच्या ऊसवाल्याकडून आणलं होतं. चौथ्या दिवशी आंबुशीचे देठ पिळल्यासारखे वाकडे झाले, मला वाटलं जिंकलो. तिसऱ्या आठवड्यात त्याच मुळांतून नवी पानं. मेलं ते भलतंच: पंधरा फुटांवरच्या कुंड्यांतली टोमॅटोची रोपं. शेंड्याची पानं अरुंद होऊन दोरीसारखी वळली, फुलं गळाली. टोमॅटो, द्राक्ष, कापूस आणि कापसाच्या घराण्यातली जास्वंद यांना या औषधाचा उडालेला अंशसुद्धा सोसत नाही. शिवाय फवारणीचा पंप कितीही धुतला तरी पुढच्या फवारणीत तो दगा देऊ शकतो, म्हणून तणनाशकाचा पंप कायम वेगळा ठेवायचा असतो. हे मला नंतर कळलं. आणि सासूबाईंची चटणी वर्षभर बंद झाली ती वेगळीच.

परत का येते: शेंग बघा, पान नको

एकदा दुपारी मी उकिडवी बसून खुरपत होते आणि चष्म्यावर काहीतरी टपटप आपटलं. वाळू उडाली असं वाटलं. चष्मा काढून बघितला तर काचेला तांबूस, खसखशीहून थोडे मोठे दाणे चिकटले होते. आंबुशीच्या पिकलेल्या शेंगेला हात लागला होता. शेंगेत प्रत्येक बी एका पांढऱ्या पातळ कातडीत गुंडाळलेलं असतं. ती ताणलेली कातडी फाटून उलटी होते आणि बी बाहेर फेकते. दहा फुटांपर्यंत बी जाऊ शकतं. एका शेंगेत दहापासून पन्नासपर्यंत बिया, आणि चांगलं वाढलेलं एक झाड हजारोंनी बी टाकतं.

आता माझा रविवारचा कार्यक्रम आठवा. लॉन पिवळ्या फुलांनी आणि शेंगांनी भरलं की मी जागी होत असे. मग ओढून ओढून उपटायचे, झटकून माती काढायची, ढीग करायचा, ढीग ओढत कोपऱ्यात न्यायचा. म्हणजे मी तण काढत नव्हते, पेरणी करत होते. तीही साडेतीनशे फुटांत सारखी.

वरच्या मातीत पडलेलं बी लगेच रुजायला तयार असतं. त्याला तीन गोष्टी लागतात: उजेड, ओल, आणि बेताचं तापमान, साधारण 15 ते 27 अंश. पुण्यात हे तिन्ही एकत्र कधी मिळतं? पावसाळ्याच्या उत्तरार्धात आणि ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत, जर तुम्ही रोज पाणी मारत असाल तर. नेमकं डिसेंबर-जानेवारीत रात्री दहा-बारा अंशांवर उतरतात आणि हरळीच्या जातीचं लॉन (नर्सरीवाले ज्याला सिलेक्शन नंबर वन म्हणतात तेही हरळीच) झोपतं. गवत झोपलेलं, जमीन ओली, ऊन कोवळं. रुजल्यापासून महिना-दीड महिन्यात आंबुशी फुलते. शिवाय ती सरपटत जाते तेव्हा प्रत्येक पेरातून मुळं सोडते, त्यामुळे वरवर ओढलं की मधला तुकडा राहतो आणि त्याचं नवं झाड होतं.

मग काय केलं

सगळ्यात मोठा फरक पाण्याने पडला, आणि त्याला एक पैसा लागला नाही.

आमच्याकडे रोज संध्याकाळी दहा मिनिटं पाइप धरायची पद्धत होती. त्याने वरचा अर्धा इंच सतत ओला राहतो, म्हणजे आंबुशीच्या बीला हवं तेच, आणि गवताची मुळंही वरच लोळत राहतात. मी लॉनवर चार जागी स्टीलच्या वाट्या ठेवून मोजलं, दहा मिनिटांत पाव इंचही भरत नव्हतं. आता थंडीत आठवड्यातून एकदाच, पण वाटीत इंचभर भरेपर्यंत. एप्रिल-मेमध्ये दोन-तीन खेपांत मिळून आठवड्याला दीड-दोन इंच. पाणी पहाटे, संध्याकाळी नाही, म्हणजे रात्रभर पृष्ठभाग ओला राहत नाही. दोन पाण्यांच्या मध्ये वरची माती कोरडी पडून फिकट दिसली पाहिजे. गवत कधी तहानलंय ते त्याच्यावरून चालून कळतं: पावलांचे ठसे उठून आले नाहीत, तसेच दबलेले राहिले की पाणी द्यायचं.

एक अडचण सांगते. तुमचं लॉन पार्किंगच्या स्लॅबवर असेल आणि खाली जेमतेम सहा-आठ इंच माती असेल तर इंचभर पाणी एकदम देऊ नका, ते वाहून जातं किंवा खाली साचतं. तिथे अर्धा-अर्धा इंच दोनदा द्या. मधे कोरडं पडू देण्याचा नियम मात्र तोच.

दुसरं म्हणजे कापणी. माळीकाकांना लॉन ‘झिरो’ मारायची हौस होती. टक्कल केल्यासारखं. ते दोन दिवस टापटीप दिसतं आणि मातीपर्यंत उजेड पोचतो. आंबुशी पात्याच्या खालून सरपटत राहते, गवताचं मात्र पान जातं. मशीनची उंची साधारण 4 सेंटिमीटरवर ठेवायला लावली. आणि एका वेळी पानाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही. गवत उंच झालं असेल तर चार दिवसांच्या अंतराने दोनदा कापायचं. शेंगा दिसत असतील त्या आठवड्यात मशीन फिरवायचंच नाही. आधी खुरपणी, मग मशीन, आणि कापलेलं गवत पिशवीत. माळीकाका पहिले दोन महिने नाराज होते. “ताई, लोक म्हणतील माळी येतच नाही.” म्हणू देत, म्हटलं.

तिसरं, मोकळ्या जागा. लॉनमध्ये हाताच्या पंजाएवढीही उघडी माती राहिली तर तिथे पहिली आंबुशीच येते. येण्या-जाण्याच्या वाटेवर माती दगडासारखी झाली होती, गवताची मुळं आत जात नव्हती. गार्डन फोर्क चार-पाच इंच खोल खुपसून जरा हलवला, वीतभर अंतरावर भोकं पाडली, त्यात गांडूळखत आणि धुतलेली वाळू निम्मी-निम्मी झाडून भरली. क्रश सँड न धुतलेली असेल तर ती भुकटी उलट सिमेंटसारखी बसते, तेव्हा धुऊनच घ्या. मग जिथे गवत दाट आहे तिथल्या कडेचे तुकडे काढून उघड्या जागी लावले. हे जूनच्या शेवटी केलं तर हरळी पाच-सहा आठवड्यांत भरून येते. खत म्हणून अर्धवट कुजलेलं शेणखत लॉनवर पसरू नका. त्यातून लव्हाळा आला तर आंबुशी बरी होती असं म्हणायची वेळ येते.

युरिया? द्या, पण आंबुशी मारायला नाही, गवताला जोर यायला. चौरस मीटरला 10 ग्रॅम, म्हणजे आमच्या साडेतीनशे फुटांना सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास. जूनमध्ये, ऑगस्टमध्ये आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला. पानं कोरडी असताना कोरड्या वाळूत मिसळून पसरायचा आणि लगेच भरपूर पाणी. मूठ-मूठ फेकला तर दोन दिवसांत गोल गोल जळके डाग पडतात, माझ्याकडे फोटो आहेत.

आंब्याखालच्या सावलीतल्या भागाचं मी ऐकवलं तर वाईट वाटेल, पण तिथे हरळी जगत नाही. तिला दिवसाला सहा तास तरी सरळ ऊन लागतं. तीन वर्षं मी तिथे दर पावसाळ्यात नवे तुकडे आणून लावत होते आणि दर हिवाळ्यात तिथे आंबुशीचं रान होत होतं. शेवटी तिथलं लॉन काढलं, फरशीचे तुकडे टाकले, मधे मोंडो ग्रास लावलं. निम्मी डोकेदुखी तिथेच गेली.

खुरपणी: वेळ आणि हात

उपटणं चुकीचं नाही, उशिरा उपटणं चुकीचं.

आता दर दोन आठवड्यांनी फेरी. जुलै ते फेब्रुवारी चुकवायची नाही, मार्च ते जून महिन्यातून एकदा चालते. नियम एकच: पिवळं फूल दिसलं की ते झाड आज जायचं. फूल दिसल्यापासून शेंग तडकायला दोन-तीन आठवडे लागतात, तेवढीच आपली मुदत.

आदल्या दिवशी पाणी द्या किंवा पाऊस पडून गेलेला असू द्या. अरुंद पात्याचं खुरपं घ्या. ते नसेल तर जुना जाड स्क्रू-ड्रायव्हर उत्तम. आंबुशीची वेल बोटाने चाचपत मागे मागे जा, जिथे ती जाड आणि तांबूस होऊन जमिनीत शिरते तिथे मुख्य मूळ असतं. ते पेन्सिलच्या शिशाएवढं बारीक पण बऱ्यापैकी खोल. तिथे पातं उभं घालून वर उचला, ओढू नका. मग पेरापेरातली बारीक मुळं सोडवत वेल सबंध काढा. एक झाड सबंध काढायला एखादं मिनिट लागतं. पहिल्या फेरीत मला तीन दिवस रोज तासभर लागला. सहाव्या फेरीला वीस मिनिटं.

शेंगा धरलेलं झाड सापडलंच तर आधी त्याच्यावर ओला रुमाल किंवा ओली पिशवी टाका, शेंगांसकट मुठीत धरा आणि मगच खुरपं लावा. ओल्या कापडात बी उडत नाही, चिकटून बसतं. काढलेलं सगळं थेट प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड बांधून आठ-दहा दिवस कडक उन्हात. कंपोस्टमध्ये टाकायचं असेल तर फक्त फूल-शेंग नसलेलं. घरच्या ड्रममधलं कंपोस्ट बी मरेल इतकं तापत नाही. मी एक वर्ष सगळं कंपोस्टमध्ये टाकलं आणि पुढच्या वर्षी तेच खत लॉनला दिलं. हसा.

बी बाहेरून येतंय का तेही बघा

इतकं करूनही एका कडेला दर महिन्याला नवी रोपं यायची. शोधलं तर तिथे ओळीने कुंड्या होत्या. नर्सरीतून आणलेल्या कुंडीत वरच्या मातीवर, अगदी भोकांतूनही, आंबुशी असतेच. रोपवाटिकांचं हे जगभरातलं जुनं दुखणं आहे. गेल्या वर्षी एका नर्सरीतून आणलेल्या शेवंतीच्या चार कुंड्यांत मी मोजून 27 आंबुशी काढल्या. आता नवी कुंडी आली की वरची इंचभर माती खरवडून पिशवीत, त्यावर नारळाच्या शेंड्यांचा थर, आणि तीन आठवडे ती कुंडी गच्चीवर. लॉनचे तुकडे विकत घेतानाही वरून हिरवे आहेत एवढं बघू नका, उलटा करून कडेने पिवळी फुलं, सरपटणारे तांबूस देठ आहेत का बघा. कॉन्ट्रॅक्टवर येणारं मशीन चार बंगल्यांतून फिरून येतं, त्याचं पातं आणि चाकं आपल्या दारात झाडून घ्यायला सांगायला लाजायचं नाही.

घरगुती औषधांबद्दल

व्हिनेगर, मीठ, बेकिंग सोडा, उकळतं पाणी. चारही करून झालंय. व्हिनेगरने वरची पानं संध्याकाळपर्यंत करपतात, मूळ शाबूत, आणि गवतही करपतं. मीठ तर अजिबात नको. आंबुशी जाईल की नाही माहीत नाही, त्या जागी पुढे गवतही धड येत नाही. उकळतं पाणी फक्त फरशीच्या फटींत वापरा, तिथे ते छान काम करतं.

ग्लायफोसेट हे तणनाशक गवतालाही सोडत नाही; ते लॉनवर मारणं म्हणजे लॉनच मारणं. शिवाय केंद्र सरकारने 2022 च्या ऑक्टोबरात आदेश काढून त्याचा वापर पेस्ट कंट्रोल ऑपरेटरमार्फतच करायचा अशी अट घातली आहे, तेव्हा दुकानातून बाटली आणून घरी फवारायची गोष्ट नव्हे. उगवणीआधी मारायचं पेंडिमिथॅलिन बी रुजू देत नाही हे खरं, पण उगवलेल्या झाडाला ते काही करत नाही, आणि पोरं जिथे अनवाणी लोळतात, सासूबाई जिथून चटणीला पाला नेतात तिथे मला ते नको. ज्यांचं दहा हजार फुटांचं फार्महाऊस आहे त्यांचा हिशेब वेगळा असू शकतो. त्यांनी कृषी सेवा केंद्रात लेबल वाचून, त्यावर कशासाठी आणि किती लिहिलंय ते बघूनच काय ते ठरवावं.

लॉन निम्म्याहून जास्त गेलं असेल तर

मग खुरपत बसू नका, उन्हाळ्याची वाट बघा. आपल्याकडे एप्रिल-मेचं ऊन आहे, ते वापरा. आमचा 6 बाय 8 फुटांचा एक तुकडा असाच पूर्ण गेला होता. सगळं खरवडून काढलं, माती सपाट केली, भरपूर भिजवली, आणि त्यावर पारदर्शक पातळ प्लास्टिक ताणून चारी कडा मातीत गाडल्या. काळं नाही, पारदर्शक. काळं प्लास्टिक स्वतः तापतं, पारदर्शकातून ऊन आत जाऊन माती तापते. सहा आठवडे. दुसऱ्या आठवड्यात आत थोडं हिरवं उगवलेलं दिसलं, तिसऱ्यात ते शिजून गेलं. जूनमध्ये प्लास्टिक काढलं, माती न उकरता (उकरली की खालचं बी वर येतं) नवं लॉन लावलं. त्या तुकड्यात पहिल्या वर्षी दहा-बाराच आंबुशी निघाल्या. लव्हाळ्याचे खोलवरचे कंद मात्र याने मरत नाहीत, आणि ज्या बियांची साल कठीण, त्यांतल्याही काही तगतात.

आणि ती गुलाबी

मागच्या गेटजवळच्या कोपऱ्यात ती अजून आहे. गुलाबी आंबुशी बहुतेक बियांनी पसरतच नाही, त्यामुळे फूल तोडण्याची घाई तिथे निरर्थक. ती मातीतल्या कंदांनी वाढते: एक मोठा कंद आणि भोवती ज्वारीच्या दाण्यापेक्षा लहान असंख्य पिल्लं. खुरपं घातलं की पिल्लं विखुरतात आणि एकाच्या जागी वीस झाडं येतात. म्हणून तिथे खुरपं नाहीच. छोट्या फावड्याने झाडाच्या भोवती वीतभर रुंद आणि वीतभर खोल मातीचा गोळा सबंध उचलायचा, जाळीच्या चाळणीत धुवायचा, आणि पिल्लं मोजून काढायची. जिथे एवढं खणणं शक्य नाही तिथे दर आठवड्याला नवी पानं जमिनीलगत कापत राहायची, कंदाचा साठा संपेपर्यंत. ते एका हंगामाचं काम नाही. मी दुसऱ्या हंगामात आहे. पहिल्या वर्षी दर आठवड्याला मूठभर पानं निघत, आता चिमूटभर निघतात. त्या कोपऱ्यातली माती बागेत दुसरीकडे कुठेही न्यायची नाही, एवढं मात्र सगळ्यांना बजावून ठेवलंय.

पिवळ्या आंबुशीचा एक वाफा, कंपाउंडच्या पलीकडे, लॉनपासून पंधरा फूट लांब, मुद्दाम ठेवला आहे. सासूबाईंची अट. कोवळा पाला, हिरवी मिरची, लसूण, भाजलेले शेंगदाणे, मीठ. लिंबू-चिंच काही लागत नाही. किडनी स्टोनचा त्रास असलेल्यांनी मात्र हिच्या वाटेला जाऊ नये, ऑक्झॅलेट भरपूर असतं. आमच्याकडे ह्यांना ती मिळत नाही. त्या वाफ्यावर सकाळी फिकट निळी, नखाएवढी फुलपाखरं घुटमळत असतात, त्यांच्या अळ्या याच पानांवर वाढतात. वाफ्याला शेंगा धरू द्यायच्या नाहीत, हे काम सासूबाईंनी अंगावर घेतलंय. माझ्यापेक्षा त्या ते जास्त काटेकोरपणे करतात.